जुन्या लेन्स, नवे कॅमेरे आणि कपाशीवरचा अर्धा मिलिमीटर

गुलाबी बोंडअळीचे अंडे जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब आणि पाव मिलिमीटर रुंद असते. पाते, फूल किंवा कोवळे बोंड यांच्या आडोशाला मादी पतंग ते घालते, चार-पाच दिवसांत त्यातून पांढुरकी अळी निघते आणि लवकरच बोंडात शिरते. शिरल्यावर वाटेचे छिद्र बुजून जाते. मग बोंड बाहेरून निरोगी दिसते आणि फवारलेले औषध अळीपर्यंत पोचत नाही. नावातला गुलाबी रंग तिच्या अंगावर चढतो तो वाढ पुरी होत आली की, म्हणजे सरकी पोखरून झाल्यावर. परभणी जिल्ह्यातल्या मानवत आणि सेलूच्या बाजारात कवडी कापूस म्हणून जे नुकसान वजनकाट्यावर दिसते, त्याची सुरुवात अशा ठिकाणी होते जिथे साधी नजर पुरी पडत नाही. या लेखाचा विषय आहे अतिनिकट छायाचित्रण, म्हणजे वस्तूची प्रतिमा सेन्सरवर तिच्या मूळ आकाराहून मोठी उमटवणारे छायाचित्रण. आणि प्रश्न असा की फिल्मच्या काळातल्या जुन्या लेन्स आजच्या डिजिटल कॅमेऱ्यांवर चढवून ते कितपत चांगले करता येते, आणि परभणीसारख्या कापूस-सोयाबीनच्या जिल्ह्याला त्याचा काय उपयोग. माझे म्हणणे असे की एकपटीच्या पुढे गेल्यावर प्रकाशाचे नियमच जुन्या आणि नव्या काचेतला बराचसा फरक पुसून टाकतात. उरतो तो फरक उजेडाचा, स्थिरतेचा आणि नोंदीच्या शिस्तीचा. या तीन गोष्टींना पैसा कमी आणि चिकाटी जास्त लागते. म्हणून हे तंत्र केवळ हौशी छायाचित्रकारांकडे न राहता तालुक्याच्या महाविद्यालयात आणि शेतीच्या पाहणीत यायला हवे.

या लेन्सचा इतिहास थोडक्यात पाहिला तरी एक गोष्ट लक्षात येते: त्यांतल्या कितीतरी मुळात फुला-किड्यांसाठी बनल्याच नव्हत्या. ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यासाठी खास निकट छायाचित्रणाची लेन्स हाइन्झ किलफिट या जर्मन तंत्रज्ञाच्या कारखान्यातून १९५५ साली आली, मॅक्रो-किलार या नावाने. पुढच्याच वर्षी जपानमध्ये निकॉनने ५ सेंटिमीटरची मायक्रो-निक्कोर काढली ती कागदपत्रांची मायक्रोफिल्म करण्यासाठी. जपानी चित्राक्षरांतल्या दाट रेघा एकमेकींत मिसळू नयेत ही तिच्यामागची गरज होती. १९६१ साली आलेली ५५ मिलिमीटरची मायक्रो-निक्कोर याच घराण्यातली, आणि ती आजही जुन्या बाजारात मिळते. झाइसच्या ल्युमिनार आणि लाइट्झच्या फोटार या छोट्या लेन्स प्रयोगशाळांसाठी होत्या, त्या सूक्ष्मदर्शकाच्या सोबतीने वापरल्या जात. एन्लार्जरच्या लेन्स तर डार्करूमच्या. निगेटिव्ह सपाट, कागदही सपाट, आणि मधल्या लेन्सने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखी धार द्यायची, हे त्यांचे काम. एल-निक्कोर, कॉम्पोनॉन, रोडागॉन ही त्यांतली नामवंत मंडळी. एकपटीपासून पाचपटीपर्यंत जाणारी, थेट कॅमेऱ्यावर बसणारी कॅननची ६५ मिलिमीटरची खास लेन्स यायला १९९९ साल उजाडले. त्याआधीची चाळीस-पंचेचाळीस वर्षे या क्षेत्रात काम करणारे लोक बेलोज (लेन्स पुढे नेणारा घड्यांचा भाता), नळ्या आणि उलट्या लावलेल्या लेन्स यांच्यावरच भागवत होते, आणि त्यांनी काढलेली कीटकांची चित्रे पाठ्यपुस्तकांत छापली जात होती.

मग आज नवे काय झाले? सर्वसाधारण समज असा की मिररलेस कॅमेरे आल्यामुळे जुन्या लेन्सना दुसरा जन्म मिळाला. लेन्सच्या बुडापासून फिल्मपर्यंतचे अंतर जुन्या एसएलआरमध्ये, म्हणजे आरशाच्या कॅमेऱ्यात, ४० ते ४७ मिलिमीटरच्या दरम्यान असे, निकॉनचे ४६.५, एम ४२ आट्यांच्या लेन्सचे ४५.४६. मिररलेसमध्ये आरसाच नसल्याने ते सोनीत १८, निकॉनच्या झेड मालिकेत १६ आणि कॅननच्या आर मालिकेत २० मिलिमीटरवर आले, त्यामुळे मधल्या रिकाम्या जागेत अडॅप्टर घालून कुठलीही जुनी लेन्स बसते. दूरच्या दृश्यासाठी आणि माणसांच्या फोटोंसाठी हे अगदी खरे आहे. अतिनिकट छायाचित्रणात मात्र लेन्स सेन्सरपासून मुद्दाम लांब न्यायची असते, त्यामुळे हे वाचलेले अंतर तिथे फारसे कामाला येत नाही. ५० मिलिमीटरच्या लेन्सने चारपट प्रतिमा हवी असेल तर ती सेन्सरपासून २५० मिलिमीटर, म्हणजे वीतभर, दूर ठेवावी लागते, मग कॅमेऱ्यात आरसा असो वा नसो. खरा फायदा बघण्याचा आहे. फिल्मच्या कॅमेऱ्यात बेलोज लावून ॲपर्चर बारीक केले की व्ह्यूफाइंडर इतका काळवंडे की फोकस अंदाजाने करावा लागे. आता पडद्यावर दृश्य उजळून दिसते, त्यातला एक तुकडा दहापट मोठा करून अळीच्या डोक्यावरचा केस धारदार आहे की नाही हे आधीच पाहता येते. आरशाची धडक नाही, इलेक्ट्रॉनिक शटरने पडद्याचा हादराही नाही. आणि ३६ फोटोंच्या रिळाचा हिशेब संपल्याने एकाच किड्याचे फोकस जरा जरा सरकवत पन्नास-शंभर फोटो घेऊन ते संगणकात जोडता येतात. या शेवटच्या गोष्टीने, म्हणजे फोकस स्टॅकिंगने, क्षेत्राचा कायापालट केला, आणि तिचे श्रेय पूर्णपणे नव्या बाजूचे आहे, जुन्या काचेचे नाही.

जुन्या लेन्सचे स्वतःचे बळ दोन साध्या गोष्टींत आहे. पहिली, तिच्यावरची ॲपर्चरची कडी. आजच्या बहुतेक लेन्समध्ये ॲपर्चर कॅमेऱ्याच्या विजेवर चालते. अशी लेन्स उलटी लावली किंवा साध्या नळीवर बसवली की तिचा कॅमेऱ्याशी संबंध तुटतो आणि ॲपर्चर हाताने बदलता येत नाही. जुन्या लेन्सची कडी फिरवली की झाले. दुसरी गोष्ट, उलटी लावण्यातले शास्त्र. साधी लेन्स दूरची वस्तू आणि जवळची फिल्म यांच्यासाठी आखलेली असते. प्रतिमा वस्तूहून मोठी करायची म्हटली की हे नाते उलटते: वस्तू जवळ, सेन्सर लांब. लेन्स तशीच सरळ ठेवली तर ती आपल्या आखणीच्या विरुद्ध काम करते आणि कडा मऊ पडतात. उलटी केली की प्रत्येक बाजूला तिला हवे तेच अंतर मिळते. एन्लार्जरच्या लेन्सलाही हाच न्याय: निगेटिव्हच्या जागी पान, फोटोकागदाच्या जागी सेन्सर. यात एक न मागता मिळणारा लाभही आहे. २८ मिलिमीटरची जुनी एसएलआर लेन्स उलटी लावली तर तिच्या बुडापासून वस्तूपर्यंत साडेचार सेंटिमीटरहून थोडे जास्त अंतर राहतेच, कारण ती मुळात आरशाला जागा सोडून फिल्मवर प्रतिमा टाकण्यासाठी बनली होती. कॅननच्या त्या खास ६५ मिलिमीटरच्या लेन्सला पाचपटीवर ४१ मिलिमीटरच मिळतात. किड्यावर उजेड टाकायला ही चार-पाच मिलिमीटरची जागा फार मोलाची असते. सामान कुठे मिळेल ही अडचण वाटते तितकी मोठी नाही. मुंबईतल्या फोर्टच्या बोरा बाजारात आणि चोर बाजारात जुन्या लेन्स फिरत असतात, आणि डार्करूम बंद झालेल्या जुन्या फोटो स्टुडिओच्या माळ्यावर एन्लार्जर अजून पडलेला असू शकतो. रिव्हर्स रिंग आणि नळ्यांचा संच नव्याने घेतला तरी खर्च शेकड्यांत किंवा हजार-दोन हजारांत राहतो.

आता मूळ दाव्याकडे. जुनी आणि नवी लेन्स इथे जवळपास सारखी का होते? लेन्सवर लिहिलेला एफ आकडा दूरच्या वस्तूसाठी असतो. प्रतिमा मोठी होत जाते तसा तोच उजेड अधिक जागेवर पसरतो आणि लेन्स प्रत्यक्षात बारीक छिद्राची असल्यासारखी वागते. साधा हिशेब असा: लिहिलेल्या आकड्याला मोठेपणाची पट अधिक एक, याने गुणायचे. एफ ५.६ वर लावलेली लेन्स पाचपटीला सुमारे एफ ३४ होते. या छिद्रातून जाताना प्रकाश विवर्तनामुळे पसरतो आणि प्रत्येक बिंदूची सेन्सरवर सुमारे ४५ मायक्रॉन व्यासाची चकती होते. २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी सेन्सरवरचा एक पिक्सेल चार मायक्रॉनच्या जरा आतच असतो. म्हणजे एक बिंदू अकरा-बारा पिक्सेलवर सांडतो, आणि लेन्स काल बनलेली असो की १९७० साली, हे सांडणे टळत नाही. बोंडअळीच्या अर्ध्या मिलिमीटरच्या अंड्यावर हे आकडे लावून पाहावेत. पाचपटीला अंडे सेन्सरवर अडीच मिलिमीटर लांब, म्हणजे साडेसहाशे पिक्सेलच्या आसपास, उमटते. पण विवर्तनाच्या मर्यादेत त्याच्या लांबीत वेगळे ओळखता येणारे बारकावे शंभर-सव्वाशेच असतात. अंड्याच्या पृष्ठभागावरचे उंचवटे आणि उबवण्याआधी बदलणारा रंग टिपायला ते पुरेसे आहेत. याचा दुसरा अर्थ असा की ४५ मेगापिक्सेलचा नवा कॅमेरा घेऊन इथे काही वाढत नाही. बारा मेगापिक्सेलची जुनी बॉडी हा सगळा तपशील सांभाळून घेते. महागड्या बॉडीसाठी थांबून राहिलेल्या विद्यार्थ्यांना हा हिशेब कुणीतरी फळ्यावर मांडून दाखवायला हवा.

यावर जाणकारांचा पहिला आक्षेप रास्त आहे आणि तो अर्धा मान्य करावा लागतो. नव्या खास लेन्स पूर्ण उघड्या छिद्रालाही धारदार असतात. २०१८ साली आलेली लाओवाची २५ मिलिमीटरची लेन्स अडीचपटीपासून पाचपटीपर्यंत एफ २.८ पासून चालते. जुनी एन्लार्जर लेन्स उघड्या छिद्राला रंगाच्या कडा आणि धुरकटपणा दाखवते, तिला एफ ४ किंवा ५.६ पर्यंत आणावे लागते. छिद्र दुप्पट मोठे म्हणजे तत्त्वतः बारकावे दुप्पट. चारपटीच्या पुढे, स्थिर आणि मेलेल्या नमुन्यावर, शंभर फोटो जोडण्याची तयारी असेल तर नवी लेन्स पुढे राहील यात शंका नाही. पण त्या टप्प्यावर नव्या लेन्सचा खरा प्रतिस्पर्धी वेगळाच आहे आणि तो आपल्याकडे जागोजाग आहे: महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकाचे चारपटीचे ऑब्जेक्टिव्ह. १६० मिलिमीटर नळीसाठी बनलेले, ०.१० क्षमतेचे हे छोटे भिंग अडॅप्टरने कॅमेऱ्यावर बसवले की एफ ४ च्या लेन्सइतके काम करते. कडेला धार उतरते, पण अंड्याला कडेची गरज नाही. परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेड इथल्या विज्ञान महाविद्यालयांत असे ऑब्जेक्टिव्ह आधीपासून असताना आयात केलेल्या लेन्सपासून सुरुवात करणे म्हणजे हातातले सोडून पळत्याच्या पाठी लागणे आहे.

पैसा आणि डोके दोन्ही खर्च व्हावे ते उजेड आणि स्थिरता यांवर. पाचपटीला कॅमेरा किंवा पान पाच मायक्रॉन हलले तर सेन्सरवर पंचवीस मायक्रॉनची, म्हणजे सहा पिक्सेलची, ओढ पडते. पाच मायक्रॉन म्हणजे केसाच्या जाडीचा एक लहानसा अंश. रस्त्यावरून ट्रक गेला, पंखा फिरला, कुणी टेबलाला टेकले तरी एवढे होते. कपाशीच्या शेतात वाऱ्यावर हे जमणार नाही, हे आधीच मान्य केलेले बरे. पाते किंवा फूल देठासह काढून गोठ्याशेजारच्या खोलीत आणावे, देठ ओल्या कापसात धरावा, पंखा बंद करावा. भारनियमनाची वेळ या कामाला उलट सोयीची, कारण उजेड बॅटरीवरच्या फ्लॅशचा असतो. फ्लॅश कमी ताकदीवर ठेवला की त्याचा लखलखाट सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी काळ टिकतो आणि हादरे गोठून जातात. मात्र थेट फ्लॅश अंड्याच्या गुळगुळीत पाठीवर पांढरा डाग पाडतो, म्हणून मध्ये ट्रेसिंग पेपर, थर्मोकोलचा पेला किंवा अर्धा कापलेला टेबल टेनिसचा चेंडू लागतो. धारदार राहणारा थर या मोठेपणाला दशांश मिलिमीटर किंवा त्याहून पातळ असतो. अंड्याची पाव मिलिमीटरची जाडी पूर्ण धारेत यायला वीस-पंचवीस मायक्रॉनच्या टप्प्याने दहा-पंधरा फोटो, आणि एक मिलिमीटरच्या फुलकिड्याला त्याच्या उभारलेल्या शिंगांसकट चाळीस-पन्नास. त्यासाठी बारीक आट्यांचा सरकता पाट हवा; मोडीत निघालेल्या सूक्ष्मदर्शकाचा फोकस करायचा भाग हे काम उत्तम करतो. या सगळ्या मांडणीत लेन्स ही एकच गोष्ट अशी आहे जी जुनी असून चालते. पाट डगमगता आणि उजेड कडक असेल तर जगातली कुठलीही लेन्स त्याला सावरू शकत नाही.

दुसरा आक्षेप मोबाइलचा, आणि तो सर्वांत जोरदार आहे. प्रत्येक शेतकऱ्याच्या खिशात कॅमेरा आहे, क्लिपने चिकटवायचे भिंग दोन-चारशे रुपयांत मिळते, आणि केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू केलेली राष्ट्रीय कीड निगराणी प्रणाली मोबाइलवरचा फोटो पाहून कीड सांगण्यासाठीच आहे. मग बेलोज आणि जुनी लेन्स कशाला? उत्तर असे की दोघांचे काम वेगळे आहे. मोठी अळी, डोमकळी (अळीमुळे न उमललेले फूल), पांढऱ्या माशीने भरलेले पान यांसाठी मोबाइल पुरेसा आहे आणि शेतात तोच हवा. मक्यावरच्या अमेरिकन लष्करी अळीच्या डोक्यावरची उलट्या वायची खूण आणि शेपटाकडच्या भागावर चौकोनात मांडलेले चार ठिपके मोठ्या अळीवर मोबाइलने सहज दिसतात. ही अळी भारतात प्रथम मे २०१८ मध्ये कर्नाटकात आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात आली. तेव्हा मोबाइलवर फिरलेल्या फोटोंनी ओळख पटवायला मदतच केली. पण अंड्यातून नुकतीच निघालेली अळी दोन मिलिमीटरचीही नसते आणि तिच्यावर या खुणा ठळक नसतात. बोंडअळीचे अंडे क्लिपच्या भिंगातून ढोबळ हिशेबाने पन्नास ते शंभर पिक्सेलचे येते, तेही उजेड आणि अंतर जुळले तर. शिवाय प्रश्न एका फोटोचा नाही. यंत्राला कीड ओळखायला शिकवायचे तर आधी कुणीतरी प्रत्येक अवस्थेची, खात्रीने ओळख पटवलेली, मापासह घेतलेली धारदार चित्रे जमवलेली असावी लागतात. मोबाइल हे प्रश्न विचारण्याचे साधन आहे. उत्तराची वही दुसऱ्या कॅमेऱ्याने भरावी लागते.

तिसरा आक्षेप कीटकशास्त्राच्या बाजूने येतो. फुलकिड्यांच्या जाती शिंगांतले खंड आणि छातीवरचे केस मोजून ठरवतात, त्यासाठी नमुना पारदर्शक करून काचपट्टीवर बसवावा लागतो आणि चारशे पटीचा सूक्ष्मदर्शक लागतो. कॅमेऱ्याचा पाचपटीचा फोटो तिथे निकाल देऊ शकत नाही, आणि तसा दावाही कुणी करू नये. २०२१ साली आंध्र आणि तेलंगणात मिरचीवर बाहेरून आलेल्या फुलकिड्याने थैमान घातले तेव्हा जात ठरली ती तज्ज्ञांच्या टेबलावरच. पण टेबलावर काय पाठवायचे हे शेताच्या बांधावर ठरते. नेहमीच्या फुलकिड्यापेक्षा रंगाने, ठेवणीने, नुकसानीच्या तऱ्हेने वेगळे काही दिसते आहे, हे सांगायला जिवंत किड्याचे पानावरचे मोठे चित्र उपयोगी पडते, आणि पारदर्शक केलेला नमुना नेमके हेच गमावतो: रंग, बसण्याची रीत, पानाचा कुठला भाग. एकाने ओळखायचे आणि दुसऱ्याने सिद्ध करायचे, अशी ही वाटणी आहे.

या तंत्राचा सर्वांत मोठा उपयोग मला शत्रूकिडीपेक्षा मित्रकीटकांच्या बाबतीत दिसतो. ट्रायकोग्रामा ही अर्धा मिलिमीटरची गांधीलमाशी पतंगांच्या अंड्यांत आपली अंडी घालते. तिने ताबा घेतलेली अंडी काही दिवसांत काळी पडतात आणि त्यांतून अळी निघत नाही. अशी ताबा घेतलेली अंडी चिकटवलेले कार्ड, म्हणजे ट्रायकोकार्ड, शेतात लावायची शिफारस नेहमीची आहे, पण लावल्यानंतर ते काम करते आहे की नाही हे पाहायला शेतकऱ्याकडे काही साधन नसते. पाच झाडांवरची अंडी आणून त्यांतली किती काळी आहेत हे दोन-तीनपटीच्या चित्रात मोजता येते, आणि त्या आकड्यावर फवारणी पुढे ढकलण्याचा निर्णय उभा राहू शकतो. गुलाबी बोंडअळीसाठी आर्थिक नुकसानीची पातळी आज कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री दर रात्री आठ पतंग किंवा दहा टक्के फुले-बोंडे किडलेली, अशी सांगितली जाते. ती पातळी ओलांडल्याचे समजते तोपर्यंत अंडी घालून झालेली असतात. बीटी कपाशी २००२ साली आली, दुसऱ्या पिढीचे वाण २००६ साली. दशकभरात गुलाबी बोंडअळीने दोन्हींना दाद देणे सोडले आणि २०१७ च्या हंगामात राज्यभर पीक गेले. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. एक फवारणी टळणे म्हणजे केवळ औषधाच्या बाटलीचे पैसे वाचणे नव्हे, हे त्या वर्षाने मराठवाड्यालाही शिकवले. २००८ च्या सोयाबीनवरच्या अळ्यांच्या उद्रेकानंतर राज्याने क्रॉपसॅप ही पाहणी योजना उभी केली, तिच्यात शेतांची नियमित नोंद होते. या नोंदींना मापासह चित्रांची जोड मिळाली तर आकड्यांवरचा विश्वास वाढेल, कारण ‘अंडी दिसली’ या दोन शब्दांमागे नेमके काय दिसले हे दुसऱ्याला तपासता येईल.

चित्र जोडलेले असते, मग ते खरे कसे, हा आक्षेप कमी वेळा घेतला जातो, पण तो मला अधिक गंभीर वाटतो. पन्नास फोटो जोडताना संगणक प्रत्येक ठिकाणी सर्वांत धारदार तुकडा उचलतो. दोन केस एकमेकांवरून गेले असतील तर कधी एक नाहीसा होतो, कधी दुहेरी दिसतो. गडद कडेभोवती फिकट वलय येते. किड्याने मध्येच पाय हलवला तर एकाचे दोन पाय होतात. लेव्हॉन बिस यांनी ऑक्सफर्डच्या संग्रहालयातल्या कीटकांची जी भव्य चित्रे २०१६ साली दाखवली, त्यांतल्या एकेका कीटकासाठी सुमारे आठ हजार फोटो जोडले होते. ती प्रदर्शनाची कला होती आणि तिने ही जोडणी लपवली नाही. अमेरिकेतल्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या मधमाश्यांच्या प्रयोगशाळेने याच पद्धतीने काढलेली चित्रे सर्वांसाठी खुली ठेवली आणि ती जगभर ओळखीसाठी वापरली जातात. बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोचा चित्रसंग्रह आपल्या पिकांसाठी याहून जवळचा. या कामातून दिसणारा धडा साधा आहे: मूळ सुटे फोटो टाकून द्यायचे नाहीत, आणि प्रत्येक चित्रात माप असले पाहिजे. माप मिळवायला तर काहीच लागत नाही. त्याच मोठेपणाला, कॅमेऱ्याला हात न लावता, स्टीलच्या पट्टीवरच्या अर्ध्या मिलिमीटरच्या रेघांचा एक फोटो घ्यायचा. अधिक काटेकोर हवे असेल तर प्रयोगशाळेतली मायक्रोमीटरची काचपट्टी, जिच्यावर एक मिलिमीटरचे शंभर भाग कोरलेले असतात. जुन्या लेन्सवर मोठेपणाचा आकडा लिहिलेला नसतो, कॅमेराही तो नोंदवत नाही. म्हणून हा एक फोटो घ्यायला विसरले की पन्नास फोटोंची मेहनत केवळ देखणी राहते, मोजण्याजोगी राहत नाही.

जुन्या काचेचे दोष सांगितल्याशिवाय आढावा पुरा होणार नाही. कपाशीचा हंगाम आणि बुरशीचा हंगाम एकच. जुलै ते सप्टेंबरच्या दमटपणात लेन्सच्या आत जाळे धरते आणि ते पुढे काच खाते, तेव्हा घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल यांना पर्याय नाही. उन्हाळ्यात काळ्या मातीची बारीक धूळ लेन्स बदलताना सेन्सरवर बसते. घेताना लेन्सच्या मागून टॉर्च मारून पाहावे, ॲपर्चरच्या पाकळ्यांवर तेल नाही ना तेही बघावे. पन्नाशी-साठीच्या दशकांत काही लेन्समध्ये थोरियमची काच वापरत. सुपर-टाकुमार ५० मिलिमीटर एफ १.४ ही त्यांतली प्रसिद्ध. ती कालांतराने पिवळी पडते, काही आठवडे उन्हात ठेवली की बरीच निवळते, आणि नेहमीच्या वापरात तिच्यापासून काळजी करण्यासारखे काही नसते. रंगाची मात्र काळजी घ्यावी लागते, कारण अंड्याचा पांढरा, हिरवट आणि नारिंगी यांतला फरक त्याचे वय सांगतो. प्रत्येक बैठकीत राखाडी कार्डाचा एक फोटो घेतला की पिवळेपणा संगणकात काढून टाकता येतो.

परभणीत हे काम कुणी करावे याचे उत्तर जिल्ह्याच्या रचनेतच आहे. १८ मे १९७२ रोजी इथे कृषी विद्यापीठ उभे राहिले, आज ते वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. पांढऱ्या माशीने पसरणाऱ्या केवडा रोगाला तोंड देणारी ‘परभणी क्रांती’ भेंडी इथलीच; मिलिमीटरभराच्या किड्याचा हिशेब करणे या संस्थेला नवीन नाही. ओळख पटवण्याचा अधिकार कीटकशास्त्र विभागाकडे राहावा आणि चित्रे घेण्याचे काम नऊ तालुक्यांतल्या महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांकडे जावे. एका तालुक्याला एक जुनी बॉडी, एक उलटी लेन्स, एक ऑब्जेक्टिव्ह, एक फ्लॅश आणि एक पाट. प्रत्येक चित्राला गावाचे नाव, तारीख, वाण, पेरणीपासूनचे दिवस आणि मापाचा फोटो. पहिल्या हंगामात फक्त गुलाबी बोंडअळी घ्यावी, पात्या लागल्यापासून शेवटच्या वेचणीपर्यंत, दर आठवड्याला. दुसऱ्या हंगामात तूर आणि सोयाबीन. तिथे काम कठीण होत जाईल, कारण तुरीची शेंगमाशी शेंगेच्या आत आणि सोयाबीनची खोडमाशी पानाच्या पेशीजालात अंडे घालते. त्यासाठी वरून टाकलेला उजेड पुरणार नाही. पान दोन काचांमध्ये हलकेच धरून मागून उजेड द्यावा लागेल, फ्लॅश पानाखाली न्यावा लागेल आणि उलट्या लेन्सपुढची ती साडेचार सेंटिमीटरची जागा पुन्हा मोजून पाहावी लागेल.